नाताळाच्या रजेतलं कामकाज

गोव्यात येणाऱ्यांची मोजदाद पर्यटन खातं करतं आणि तो आकडा आता वर्षाला एक कोटीच्या घरात गेला आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धात या गर्दीत एक वर्ग असा असतो, की त्याला पर्यटक म्हणता येत नाही आणि रहिवासी म्हणायलाही अडचण होते. कुवेत, दोहा, दुबई, मस्कत, लंडन, स्विंडन, लिस्बन, टोरांटो इथून आलेला, मूळचा सासष्टी, बार्देश किंवा तिसवाडीचा ख्रिस्ती गोंयकार. त्याच्याविषयी दर नाताळात वर्तमानपत्रांतून लिहिलं जातं आणि ते बहुधा एकाच सुरात असतं: अंगणातला गोठा, दारावरचं कागदी नखेत्र, मध्यरात्रीची मिस्सा, आईच्या हातचं सोरपोतेल आणि सान्नां, आणि या सगळ्यासाठी जीव टाकणारा परदेशातला लेक. ही ओढ खोटी नाही. पण नुसती ओढच असती तर माणूस सप्टेंबरात आला असता. तेव्हा पाऊस सरत आलेला असतो, तिकीट स्वस्त असतं आणि आईचा हातही तोच असतो. तो येतो वर्षातल्या सगळ्यांत महागड्या आठवड्यात, मालकाच्या मिनतवाऱ्या करून, कधी दोन वर्षांची रजा साठवून. माझं म्हणणं असं, की नाताळातलं हे घरी येणं म्हणजे विश्रांती नसून काम आहे. चारी दिशांना पांगलेल्या कुटुंबाची ती वार्षिक सभा असते, आणि तिच्यात लग्नं, वाटण्या, म्हाताऱ्यांची सोय आणि मेलेल्यांची देणी असे विषय निकालात निघतात. गोव्यातलं स्थलांतर दीडशे वर्षं चालूनही गावाशी काडीमोड झाला नाही, याचं बरंचसं श्रेय या सभेला आहे. आणि तिच्यावर आज जे संकट आहे ते फोनचं नाही की नव्या पिढीच्या ‘परकेपणा’चंही नाही. संकट घराचं आहे.

ही रीत पडली ती मुंबईच्या वाटेवर. जुन्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगिजांच्या ताब्यात सर्वांत आधी आलेल्या तालुक्यांत जमीन थोडी, ती गांवकरीच्या (गावच्या सामूहिक जमीनसंस्थेच्या) आणि भाटकारांच्या (जमीनदारांच्या) हातात, उद्योग जवळजवळ नाही. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश मुंबई वाढू लागली तसे स्वयंपाकी, शिंपी, वादक, बोटींवरचे कारभारी असे हजारो पुरुष गोव्याबाहेर पडले. पुरुष पडले, घरं नाहीत. धोबीतलाव आणि माझगाव भागांत त्यांनी कुडी, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक निवासाच्या जागा, उभारल्या. धोबीतलावच्या जेर महालात त्यांतल्या काही आजही आहेत. एकेक कूड एकेका गावाची. तिथे माणसाच्या मालकीची जागा म्हणजे त्याची पेटी ठेवण्यापुरती आणि रात्री पथारी पसरण्यापुरती. भिंतीशी गावच्या रक्षक संताची वेदी आणि संध्याकाळी रोजरी. बोट मिळेपर्यंत तारवटी, म्हणजे बोटीवरचा खलाशी, इथे थांबायचा, बोट सुटली की इथेच परतायचा. कुडीतली माणसं एकाच गावची, त्यामुळे यंदा कोण घरी जाणार, कोण समुद्रावर अडकणार, कोणाच्या हाती काय धाडायचं, हे तिथेच ठरत असे. या रचनेचा एक परिणाम फार दूरवर गेला. मुंबईत बिऱ्हाड थाटणं सुरुवातीला कुडीच्या नियमात बसतच नव्हतं. बायको, मुलं, म्हातारे गावी. पगार बाहेर आणि घर गोव्यात, ही विभागणी तिथून पक्की झाली. कोंकणी तियात्राचा पहिला प्रयोग १८९२ साली मुंबईतच झाला, गोव्यात नव्हे. करमणूकसुद्धा पगाराच्या गावी जन्मली. घराचा निर्णय मात्र घरातच व्हायचा.

पुढे आफ्रिकेची वाट खुली झाली. मोंबासा, नैरोबी, झांझिबार, कंपाला इथे गोंयकार सरकारी कचेऱ्यांत कारकून झाले आणि त्यांना काही वर्षांच्या नोकरीनंतर लांबलचक ‘होम लीव्ह’ मिळू लागली. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटी त्यांना मुरगावच्या धक्क्यावर उतरवत. मुंबईकराला दर वर्षी येता येई, आफ्रिकाराला चार-पाच वर्षांतून एकदा. पण जमेल तेव्हा डिसेंबर गाठायचा हा हिशोब दोघांचाही सारखाच. या परंपरेची खरी परीक्षा १९५५ नंतर झाली. गोवा मुक्तीच्या प्रश्नावर भारताने सीमा बंद केली, रेल्वे आणि बोटी थांबल्या, आणि मुंबईहून घरी जायचं तर परवाने, तपासणी नाकी आणि दोन चौक्यांमधली पायपीट वाट्याला आली. १९ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगीज राजवट संपली, तेव्हा नाताळ सहा दिवसांवर होता. पुढे मीटरगेजने मिरज-लोंढा करत जाण्याची किंवा घाटरस्त्याच्या रात्रभर हादरवणाऱ्या बसची दगदग बरीच वर्षं राहिली. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली तेव्हा कुठे मुंबईकर गोंयकाराचा डिसेंबर सोपा झाला. गंमत अशी, की सोय झाली तोवर येणारा मुख्यतः मुंबईहून येणारा राहिलाच नव्हता. सत्तरीच्या दशकात आखातात तेलाचा पैसा उसळला होता आणि तारवटी, आफ्रिकार यांच्या जोडीला गावात गल्फकार येऊन बसला होता.

सगळ्यांनी एकाच वेळी येण्याचं महत्त्व मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. गिरणगावातला चाकरमानी गणपतीला कोकणात जायचा तो फक्त आरत्या म्हणायला नव्हे. कौलं चाळायची आहेत, बांधावरच्या फणसावरून चुलतभावाशी तंटा आहे, बहिणीला स्थळ बघायचं आहे, आणि हे सगळं करायला सगळे भाऊ एका छपराखाली हवेत. नाताळ ही गोव्यातल्या ख्रिस्ती गावाची हीच सोय, फक्त अधिक काटेकोर. गणपती पंचांगाप्रमाणे पुढेमागे सरकतो. पंचवीस डिसेंबर हलत नाही. त्यामुळे तीन खंडांत विखुरलेली चार भावंडं वर्षभर आधी रजेचा अर्ज टाकू शकतात. शिवाय हा एक दिवस नव्हे, ओळीने लागलेला हंगाम आहे. २४ नोव्हेंबरपासून जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचं नोव्हेन, ३ डिसेंबरला त्याचं फेस्त, ८ ला पणजीच्या चर्चचं, मग नाताळ, नवं वर्ष, आणि ६ जानेवारीला तीन राजांचं फेस्त, ज्यासाठी कासावलीच्या परिसरातल्या तीन गावांतून एकेक मुलगा राजा होऊन घोड्यावर बसतो. झेवियरच्या अवशेषांचं दहा वर्षांनी होणारं प्रदर्शनही याच काळात येतं: गेल्या खेपेला २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५, त्याआधीचं २०१४-१५ मध्ये याच सुमाराला. भात कापून झालेलं असतं, पाऊस गेलेला असतो, भिंतींना रंग लावता येतो. दोन आठवड्यांची रजा या हंगामात कुठेही टाकली तरी काही ना काही साधतं.

आता या रजेत होतं काय ते पाहू. पहिलं काम लग्न. आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांत, चर्चमध्ये लग्नाचा थाटमाट टाळण्याची परंपरा आहे. पुढे उपवासाचा चाळीस दिवसांचा काळ लागतो. मधली जी खिडकी उरते तिच्यातही परदेशस्थांची रजा नाताळ ते तीन राजे एवढीच. म्हणून २६ डिसेंबरनंतर गोव्यातले लग्नाचे हॉल, वाजंत्री, केटरर यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. यात गोव्याच्या कायद्याची भर. इथे लग्न आधी दिवाणी नोंदणी कार्यालयात नोंदवावं लागतं आणि त्याला दोन सह्या असतात: पहिल्या सहीने इच्छा जाहीर करायची, मधे हरकतींसाठी काही दिवस जाऊ द्यायचे, मग दुसरी सही. लोक त्याला सरळ ‘पहिली सही’ आणि ‘दुसरी सही’ म्हणतात. दोहाहून आलेल्या नवऱ्याच्या आणि लंडनहून आलेल्या नवरीच्या रजा या दोन सह्यांच्या मधल्या दिवसांना पुरायला हव्यात. तारखांचं हे गणित किती घरांत किती रात्री मांडलं जात असेल! त्यातच घरच्या रिती: लग्नाआधी नारळाच्या रसाचा ‘रोस’, आणि ‘भिकऱ्यांचं जेवण’, ज्यात घरातल्या मृतांच्या आत्म्यांसाठी गावातल्या गरिबांना बोलावून पंगत वाढली जाते. नाचगाण्याच्या लग्नात मेलेल्यांना पान वाढायचं तर कोण कोण गेलं आणि कोणाचं काय राहिलं हे आठवणारी माणसं घरात असावी लागतात.

दुसरं काम वाटणीचं, आणि माझ्या मते या सगळ्या प्रवासामागचं सर्वांत कमी बोललं जाणारं कारण तेच. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा कौटुंबिक भाग मुक्तीनंतरही कायम राहिला. वारसाहक्काची बाजू गोवा विधानसभेच्या २०१२ च्या कायद्याने नव्याने बांधली, पण तत्त्वं तीच. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायको मालमत्तेचे निम्मे-निम्मे मालक. मुलांना बेदखल करता येत नाही. मिळकतीचा अर्धा भाग त्यांचा राखीव, आणि मुलगा-मुलगी भेद नाही. घर विकायचं तर जोडीदाराची संमती लागते. एका मुलाला विकायचं तर इतर मुलांची. महाराष्ट्रात अनेक घरांत बहिणीचा हक्क कागदावर राहतो आणि बहीण हक्कसोडपत्रावर अंगठा देऊन मोकळी होते. गोव्यात स्विंडनच्या गोदामात काम करणारी बहीण ही घराच्या चौथ्या हिश्श्याची मालकीण असते आणि तिच्या नवऱ्याची सहीही मोजावी लागते. भावंडांचं जमलं नाही तर मामला ‘इन्व्हेंतार’मध्ये जातो: सगळे वारस, सगळी मालमत्ता न्यायालयासमोर मांडायची आणि वारसांनी आपापसात बोली लावायची. हा घरातल्या घरातला लिलाव वर्षानुवर्षं चालू शकतो. तो टाळायचा तर सगळ्यांनी एका टेबलाशी बसून बोलणं हा एकच उपाय, आणि सगळे एका टेबलाशी बसतात ते पंचवीस तारखेच्या जेवणाला. ज्या कायद्याने प्रत्येक लेकराला वाटेकरी केलं, त्याच कायद्याने प्रत्येक लेकराला परत यायला भाग पाडलं. गोव्यातल्या स्थलांतरावर लिहिणाऱ्यांनी धर्म, जात, बोटी, पासपोर्ट यांवर पुष्कळ लिहिलं आहे. नागरी संहितेच्या या बाजूला मात्र हवं तेवढं माप पडलेलं नाही असं मला वाटतं.

तिसरं काम म्हाताऱ्यांचं. वडिलांचं मोतिबिंदूचं ऑपरेशन कोणी करून घ्यायचं, आईला एकटं ठेवायचं की वृद्धाश्रमात, रात्री सोबतीला कोण, तिचे पैसे कोण देणार. याला कायदा नाही, कागद नाही. स्टेला मास्कारेन्हस-कीज या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी गोंयकारांच्या स्थलांतराचा अभ्यास करताना गावी राहिलेल्या बाईकडे लक्ष वेधलं: मुलांना इंग्रजी शाळेत घालणारी, पैशाचा हिशोब राखणारी, पुढच्या पिढीचं बाहेर जाणं घडवून आणणारी ती. डिसेंबरची सभा बोलावणारी आणि चालवणारीही तीच. नेवऱ्यो, दोदोल, बिबिंका, कुलकुलां, बोलिन्यां असा कुसवार करून तो ताटाताटाने शेजारी पोचवण्याचं जे काम ती करते, त्याकडे ‘पाककृती’ म्हणून पाहिलं जातं. प्रत्यक्षात ते संबंधांचं नूतनीकरण आहे. ज्या घरात वर्षभरात मृत्यू झाला तिथे गोड करत नाहीत, तिथे शेजारी धाडतात. चवथीला ज्या हिंदू घरातून नेवऱ्या आल्या, तिथेही ताट जातं. मुलगा परत गेल्यावर उरलेले अकरा महिने आईकडे कोण डोकावणार हे या ताटांवर ठरतं.

यावर पहिला आक्षेप स्वाभाविक आहे: आता व्हिडिओ कॉल आहे, बँकेतून पैसे क्षणात जातात, वकिलातीत किंवा नोटरीकडे मुखत्यारपत्र करून धाडता येतं. मग हजारोंचं तिकीट कशाला? मुखत्यारपत्राने सही होते, हे खरं. पण सहीच्या आधी जे व्हावं लागतं ते फोनवर होत नाही, कारण फोन ठेवून देता येतो. एकाच घरात, शेजारच्या खोलीत झोपायचं असलं की भांडण दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला पुन्हा समोर येतं, आणि तिसऱ्या दिवशी कंटाळून का होईना मिटतं. याची एक चाचणी नियतीने घेतलीही. मार्च २०२० पासून भारताची नियमित आंतरराष्ट्रीय विमानं बंद होती, आणि त्या वर्षी नाताळाच्या ऐन तोंडावर, विषाणूच्या नव्या प्रकाराच्या भीतीने, ब्रिटनहून येणारी उरलीसुरली विमानंही थांबवली गेली. मिस्सा त्या रात्री पडद्यावर दिसली. कोंकणीतली, आपल्याच चर्चमधली. वाटणीचा मसुदाही कदाचित ईमेलवर फिरला असेल. पण ज्या बहिणीने आई गेल्यावर घर पाहिलेलंच नाही, तिने मसुद्याखाली सही करावी ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

दुसरा आक्षेप अधिक बोचरा. हे येणं म्हणजे मिरवणं आहे, असं गावातच म्हणतात: नवी गाडी, सोन्याची साखळी, दारूच्या बाटल्या, घराला गुलाबी रंग, फेस्ताचा खर्च एकट्याने उचलायचा आणि मिरवणुकीत पुढे चालायचं. मिरवणं आहे हे मान्यच करायला हवं. पण कोण मिरवतं हेही पाहावं. या गावांत कालपर्यंत भाटकाराच्या जमिनीवर मुंडकाराची झोपडी असे आणि मुंडकाराने मान खाली घालून राहावं असा शिरस्ता होता. धर्म बदलला तरी जात सुटली नव्हती. बामण आणि चाड्डी या वरच्या जातींच्या वेगळ्या कोंफ्रारिया (चर्चमधल्या भक्तमंडळ्या), चर्चमधल्या उत्सवांचे मान वाटलेले, खालच्या जातींना त्यात शिरकाव नाही, आणि त्यावरून सासष्टीत वर्षानुवर्षांचे तंटे. १९७५ च्या मुंडकार कायद्याने राहत्या घराला संरक्षण दिलं. पण पक्कं घर बांधण्याची ऐपत कायद्याने येत नाही. ती कुवेतच्या स्वयंपाकघरातून आणि बोटीवरच्या लाँड्रीतून आली. ते घर वर्षभर बंद असतं म्हणून हसणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की डिसेंबरात त्याच्या ओसरीवर दिवे लागले म्हणजे भाटकाराच्या जुन्या वाड्यासमोर एक जाहीर विधान होत असे. समाजात बरोबरीची मागणी करायला निवडणूक हा एक रस्ता आहे. फेस्ताचा यजमान होणं हा दुसरा. तो खर्चीक आहे, थोडा हास्यास्पदही आहे. पण ज्याला दुसरं व्यासपीठ नव्हतं त्याने हेच वापरलं.

तिसरा आक्षेप मात्र मला निरुत्तर करायच्या बेतात येतो. ही सभा ज्यांच्या घामावर उभी आहे, त्यांतल्या अनेकांना तिच्यात बसताच येत नाही. आजचा तारवटी मालवाहू बोटीपेक्षा क्रूझवर अधिक सापडतो: स्वयंपाकी, वेटर, केबिन आवरणारा. आणि क्रूझचा नाताळ म्हणजे धंद्याचा कळस. कॅरिबियन समुद्रात हजारो पाहुण्यांसाठी टर्की भाजणारा, झाड सजवणारा, मध्यरात्री शॅम्पेनचे ग्लास विसळणारा हा माणूस ख्रिस्ती असतो आणि नाताळ साजरा करत नसतो, दुसऱ्यांना करवून देत असतो. आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करारात खलाशाला महिन्यामागे किमान अडीच दिवस पगारी रजेचा हक्क आहे, सलग सेवेला बारा महिन्यांच्या आतली मर्यादा आहे. पण रजा कधी, हे करार सुरू कधी झाला त्यावर. लंडनच्या विमानतळावर सामान हलवणारा, गोदामात ऑनलाइन खरेदीचे खोके भरणारा, वृद्धाश्रमात पाळी करणारी, यांचाही डिसेंबर असाच. आखातातल्या घरकामवालीची गोष्ट आणखी कठीण: दोन वर्षांचा करार, तिकीट करार संपल्यावर, आणि काही ठिकाणी देश सोडायला मालकाची परवानगी. कतारने ही परवानगीची अट बहुतेक कामगारांसाठी २०१८ मध्ये काढली. घरकामगारांना ती सवलत मिळायला २०२० उजाडलं. म्हणजे ‘गोंयकार नाताळाला घरी येतो’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. पण याने माझा मुद्दा ढळत नाही, उलट त्याला धार येते. जो येऊ शकत नाही त्याचा निर्णय त्याच्या गैरहजेरीत होतो. भावाने भागातली जमीन कोणत्या दराने विकली हे त्याला बोटीवर फोनने कळतं. नाताळाची रजा ही चैन असती तर ती हुकल्याने फक्त मन खट्टू झालं असतं. इथे हिस्सा जातो.

गावात कायम राहणाऱ्यांचं म्हणणंही ऐकायला हवं. पंधरा दिवस येणारा माणूस वर्षभर चिखल तुडवणाऱ्याला काय शिकवणार? शेत पडीक ठेवायचं, कुळाला द्यायचं नाही, कुंपण घालायचं, आणि डिसेंबरात येऊन गाव बिघडलं म्हणून उसासे टाकायचे. यात तथ्य आहे. गैरहजर मालकांच्या पडीक शेतांनी आणि गंजलेल्या फाटकांनी गोव्याच्या शेतीचं आणि शेजाराचं नुकसान केलं आहे, आणि परदेशस्थाच्या स्मरणातलं हिरवंगार गाव अनेकदा त्याच्याच कुलपामुळे ओसाड झालेलं असतं. तरीही, तो येत आहे तोवर त्याच्याशी वाद घालता येतो. ग्रामसभेत त्याला जाब विचारता येतो, चर्चच्या पायरीवर गाठता येतं. येणं थांबलं की समोर उरतो तो दलाल.

आणि येणं थांबण्याची कारणं जमू लागली आहेत. २०११ च्या जनगणनेत गोव्यातल्या घरांपैकी सुमारे सव्वा लाख, म्हणजे पाचांतलं एकाहून अधिक, रिकामी आढळली. ती सगळी परदेशस्थांची नाहीत. दिल्ली-मुंबईकरांनी सुट्टीसाठी घेतलेले फ्लॅटही त्यात आहेत. पण या दोन रिकामेपणांची सांगड लागली आहे. एकाच्या बंद घरावर दुसऱ्याचा डोळा. बार्देशातल्या आसगावसारख्या गावांत जुनी कौलारू घरं विकत घेऊन त्यांचे व्हिला आणि रेस्तराँ झाले, आणि जमिनीची किंमत अशी वाढली की चार भावंडांत घर राखून ठेवणाऱ्या एकाला उरलेल्या तिघांचे हिस्से विकत घेणं परवडेनासं झालं. बोली लावण्याची वेळ आली तर जिंकतो पैसा, आणि पैसा बाहेरचा. दुसरीकडे, २००७ पासून कित्येक वर्षं सनबर्नसारखे महोत्सव नेमके डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भरले, हॉटेलांनी हा आठवडा सोन्याच्या भावाने विकायला काढला, आणि विमानाचं तिकीटही त्याच भावात गेलं. २०२३ च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ सुरू झाला खरा, पण तो पेडण्यात, उत्तर टोकाला. सासष्टीतल्या घरी जायला पुढे पुन्हा टॅक्सीचा प्रवास. चार माणसांचं कुटुंब लंडनहून नाताळाला आणण्याच्या खर्चात तेच कुटुंब दुसऱ्या एखाद्या महिन्यात दोनदा येऊन जाईल. पण दुसऱ्या महिन्यात भावंडं नसतात.

पासपोर्टचा मामला याहून खोल जातो. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं. त्या पासपोर्टवर हजारो गोंयकार ब्रिटनला गेले. ब्रेक्झिटनंतर ती वाट अरुंद झाली, पण गेलेले राहिले. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे हा माणूस स्वतःच्या घरी परदेशी म्हणून, ओसीआय कार्डावर येतो: मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने मात्र येते. देशप्रेमाच्या चर्चेत याची निर्भर्त्सना होते, ती मला पोकळ वाटते. ज्या प्रदेशाने आपल्या तरुणांना दीडशे वर्षं बोटीवर पाठवलं त्याने पासपोर्टच्या रंगावरून नाक मुरडू नये. खरा फरक वेगळा आहे. कुडीच्या काळात पुरुष जायचा, आखातातही बहुधा एकटा जायचा, कारण तिथे कायमचं राहता येत नव्हतं. साठीला परत यावंच लागे. पोर्तुगीज पासपोर्टवर मात्र अख्खं घर जातं. बायको, मुलं, आणि काही वर्षांनी आईसुद्धा. सभेला बोलावणारीच सभासदांकडे राहायला गेली की नाताळ स्विंडनच्या भाड्याच्या हॉलमध्ये होतो, आणि चांगला होतो. कोंकणी मिस्सा, कोंकणी गाणी, सोरपोतेलही जमतं. जमत नाही ते एकच: घर तिथे नसतं.

फिलिपिन्सचं उदाहरण या संदर्भात नेहमी दिलं जातं. तिथल्या सरकारने १९७३ पासून ‘बालिकबायन’ योजना राबवली, नाताळात परतणाऱ्यांना सवलती दिल्या, विमानतळांवर स्वागत केलं. परतणं हा सरकारी कार्यक्रम झाला, कारण सरकारला त्यांचं परकीय चलन हवं होतं. गोव्याला हार-तुऱ्यांची गरज नाही. परदेशस्थ गोंयकाराला काय हवं हे त्याच्या रजेच्या वेळापत्रकातच लिहिलेलं आहे. गणपतीला कोकण रेल्वे जादा गाड्या सोडते, कारण चाकरमान्याचं जाणं हे खरं काम आहे हे आता सगळ्यांना मान्य आहे. त्याच धर्तीवर नाताळाच्या पंधरवड्यात म्हापसा, मडगाव, पणजीच्या नोंदणी कार्यालयांत रजेवर आलेल्यांसाठी आधी वेळ ठरवून मिळणारी खिडकी, शनिवारचं कामकाज, आणि वारसांचे कागद परदेशातून आधीच तपासून ठेवण्याची सोय एवढं झालं तरी कित्येक इन्व्हेंतार न्यायालयात जाण्याआधी मिटतील. आजची अवस्था अशी, की ३ डिसेंबर झेवियरच्या फेस्ताची सुट्टी, १९ ला मुक्तिदिनाची, २५ ला नाताळाची, मधे शनिवार-रविवार, आणि पहिली सही झाली तर दुसरीची तारीख बहुधा परतीच्या तिकिटानंतरची.